कार्नेशन : एका फुलाचा अर्थव्यवहार
(प्रतीककोशीय समीक्षेची मम्मटाच्या आधारे चिकित्सा)

सारांश : फुलांचे अर्थ ठरलेले असतात, अशी समजूत मराठी समीक्षेत आणि विशेषतः अध्यापनात रूढ आहे. या समजुतीची तपासणी प्रस्तुत लेखात कार्नेशन या फुलाच्या आधारे केली आहे. मातृदिन, मे दिन, परीक्षा, विवाह, अंत्यविधी, राज्यक्रांती आणि सत्कार अशा परस्परविरुद्ध प्रसंगी हे एकच फूल वापरले जाते. त्याचा अर्थ फुलात साठवलेला नसून वापराच्या परिस्थितीत घडतो. आणि त्या परिस्थितीचे विश्लेषण करण्यासाठी मम्मटाने सांगितलेली आर्थी व्यंजनेची निमित्ते आजही उपयुक्त आहेत, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : प्रतीक, संकेत, आर्थी व्यंजना, प्रस्ताव, अन्यसन्निधी, पुष्पव्यवहार.

१. प्रस्तावना

महाविद्यालयांतील कोणत्याही समारंभात पाहुण्यांचा सत्कार शाल, श्रीफळ व पुष्पगुच्छ देऊन केला जातो. त्या पुष्पगुच्छात जरबेरा, ग्लॅडिओलस, गुलाब यांच्याबरोबर कातरलेल्या कडांच्या, दाट पाकळ्यांच्या, लांब दांड्याच्या एका फुलाचा समावेश पुष्कळदा असतो. देणारा त्याचे नाव सांगू शकत नाही, घेणाराही विचारत नाही. हे फूल म्हणजे कार्नेशन. मराठीत त्याला रूढ असे स्वतःचे नाव नाही. ते वेणीत माळले जात नाही. देवपूजेच्या परंपरेत त्याला स्थान नाही. ओवी वा लोकगीत यांच्याशी त्याचा संबंध नाही.

याउलट युरोप, अमेरिका व पूर्व आशियातील अनेक समाजांत हेच फूल शतकानुशतके किंवा निदान अनेक दशके अर्थांनी ओथंबलेले आहे. एके ठिकाणी अर्थाची एवढी गर्दी आणि दुसऱ्या ठिकाणी एवढा अभाव, ही वस्तुस्थिती समीक्षेच्या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. अर्थ फुलातच असता, तर फुलासोबत तोही पुण्याच्या बाजारात उतरला असता. तसे झालेले नाही. मग अर्थ कोठे असतो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

२. प्रतीककोशाचा मोह

प्रतीकाचा अर्थ कोशासारखा पाहता येतो, ही कल्पना आपल्या वर्गाध्यापनात खोलवर रुजलेली आहे. लाल गुलाब म्हणजे प्रेम, कमळ म्हणजे अलिप्तता, पांढरे फूल म्हणजे पावित्र्य, अशी समीकरणे विद्यार्थी पाठ करतात आणि कवितेत फूल दिसताच ती लावून मोकळे होतात. परीक्षेत गुणही मिळतात. पण या रीतीने कविता वाचली जात नाही, ती केवळ उलगडून बाजूला ठेवली जाते.

या पद्धतीचा एक ठळक पूर्वज एकोणिसाव्या शतकातील युरोपात सापडतो. १८१९ साली पॅरिसमध्ये शार्लोत द लातूर या टोपणनावाने फुलांच्या भाषेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या अनुकरणाने फ्रान्स, इंग्लंड व अमेरिकेत अशा पुस्तकांची लाट आली. केट ग्रीनअवे हिचे १८८४ मधील सचित्र पुस्तक त्यांपैकी विशेष लोकप्रिय. या परंपरेतील कोशांनी कार्नेशनचे रंगवार अर्थ दिले : पट्टेदार फूल म्हणजे नकार, पिवळे म्हणजे तिरस्कार, इत्यादी. जॅक गुडी या मानववंशशास्त्रज्ञाने १९९३ मधील आपल्या फुलांच्या संस्कृतीवरील ग्रंथात या कोशांची चिकित्सा केली आहे. लोकव्यवहारातील संकेतांची ही नोंद होती असे न मानता, नागर वाचकवर्गासाठी घडवलेली ही एक रचना होती, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

या कोशांची मर्यादा कार्नेशनच्या बाबतीत लगेच लक्षात येते. १९९६ साली ऑस्ट्रेलियातील फ्लोरिजिन या कंपनीने जनुकीय बदल केलेले ‘मूनडस्ट’ नावाचे जांभळट कार्नेशन बाजारात आणले. निसर्गतः या फुलात न आढळणाऱ्या या छटेला कोशात जागाच नव्हती. तरीही लोकांनी ते फूल विकत घेतले, भेट दिले आणि घेणाऱ्यांना देणाऱ्याचा भाव कळला. कोशाशिवाय अर्थबोध झाला, याचा अर्थ अर्थबोधाची यंत्रणा अन्यत्र आहे.

३. मम्मटाची चौकट

ही यंत्रणा शोधण्यासाठी सोस्यूरची चिन्हमीमांसा किंवा रोलाँ बार्थचे मिथकविवेचन यांचा आधार सामान्यतः घेतला जातो. त्यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि आपल्याच काव्यशास्त्रात या प्रश्नासाठी अधिक नेमके साधन उपलब्ध आहे. ‘काव्यप्रकाशा’च्या तिसऱ्या उल्लासात आर्थी व्यंजनेचा विचार करताना मम्मटाने वाच्यार्थापलीकडील अर्थ कोणत्या वैशिष्ट्यांमुळे प्रतीत होतो याची यादी दिली आहे. वक्ता (बोलणारा), बोद्धव्य (ज्याला उद्देशून बोलले जाते तो), काकू (स्वरभेद), वाक्य, वाच्य, अन्यसन्निधी (तिसऱ्या व्यक्तीची उपस्थिती), प्रस्ताव (प्रसंग), देश आणि काल अशी ती निमित्ते आहेत. शेवटी ‘आदी’ या पदाने चेष्टा, म्हणजे हावभाव व कृती यांचाही त्याने समावेश केला आहे.

हा शेवटचा मुद्दा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा. फूल देणे ही एक चेष्टाच आहे. त्यामुळे भाषेसाठी सांगितलेली ही निमित्ते पुष्पव्यवहाराला लावणे म्हणजे मूळ विचाराची ओढाताण ठरत नाही. पुढील विवेचनात यांपैकी निवडक निमित्तांच्या आधारे कार्नेशनच्या अर्थव्यवहाराचे काही नमुने तपासले आहेत.

४. लवंग, खिळा आणि फूल : अर्थाचा भौतिक पाया

फुलाला अर्थ परिस्थितीतून मिळतो असे म्हणताना फुलाचे स्वतःचे गुणधर्म अगदीच निरुपयोगी ठरतात का, हा प्रश्न आधी निकालात काढणे आवश्यक आहे. कार्नेशनचे शास्त्रीय नाव डायॅन्थस कॅरिओफायलस. यातील दुसरे पद लवंगेच्या ग्रीक नावावरून आलेले आहे, कारण या फुलाच्या जुन्या वाणांचा वास लवंगेसारखा होता. दोहोंत युजेनॉल हे सुगंधी द्रव्य असते.

लवंगेचा आकार खिळ्यासारखा; त्यामुळे अनेक भाषांत खिळा, लवंग आणि हे फूल यांची नावे एकमेकांत मिसळली. पोर्तुगीजमध्ये ‘क्राव्हु’ हा एकच शब्द तिन्ही अर्थांनी वापरला जातो आणि लवंगेला वेगळे दाखवायचे तर ‘भारताची’ असे विशेषण जोडले जाते. मसाल्यांच्या व्यापारासाठी गोव्यात राजधानी थाटणाऱ्या राष्ट्राच्या भाषेत हे विशेषण असावे, हे लक्षणीय आहे. जर्मनमधील ‘नेल्के’ म्हणजे मुळात छोटा खिळा. तो शब्दही लवंग व फूल या दोहोंसाठी आहे. फारसीतील ‘मीखक’ व तुर्कीतील ‘करनफिल’ हे शब्दही लवंग आणि कार्नेशन असे दोन्ही अर्थ देतात.

या नामसाखळीतून युरोपीय धार्मिक चित्रकलेतील एक संकेत पुष्ट झाला. मेरीच्या मांडीवरील बाळ येशूच्या जवळ हे फूल दाखवले, की ते क्रूसाच्या खिळ्यांचे सूचन करते असे मानले जाई. म्युनिक येथील लिओनार्दो दा विंचीचे ‘मॅडोना ऑफ द कार्नेशन’ आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीतील राफाएलचे ‘मॅडोना ऑफ द पिंक्स’ ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. बाळ हसत फुलाकडे हात पुढे करते आणि पाहणाऱ्या श्रद्धावंताला पुढचे मरण दिसते. मात्र त्याच शतकांतील उत्तर युरोपीय व्यक्तिचित्रांत हेच फूल एखाद्या पुरुषाच्या किंवा स्त्रीच्या हाती असले, तर ते वाग्दानाची, विवाहाची खूण समजले जाई. फूल तेच, वासही तोच. मांडीवरच्या बाळाजवळ ते मरण सुचवते आणि वराच्या हाती लग्न.

म्हणजे भौतिक गुणधर्म अर्थाला वाट दाखवतात, मुक्काम ठरवत नाहीत. शिवाय येथे एक विपर्यासही घडलेला आहे. रंग, दांड्याची लांबी व टिकाऊपणा यांसाठी निपज करताना आजच्या व्यापारी वाणांचा सुगंध बहुतांशी मागे पडला. ज्या वासामुळे नाव पडले, तो वास गेला आणि नाव तेवढे शिल्लक उरले.

५. वक्ता, बोद्धव्य आणि बाजार

१० मे १९०८ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील ग्राफ्टन येथील चर्चमध्ये अॅना जार्व्हिस हिने आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ पाचशे पांढरी कार्नेशन पाठवली. आईला ही फुले आवडत, एवढे साधे कारण त्यामागे होते. वाळताना हे फूल पाकळ्या गाळून टाकत नाही, त्या उराशी धरून ठेवते, असे तिने पुढे या निवडीचे समर्थन केले. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मातृदिनाची अधिकृत घोषणा केली.

प्रारंभीचा अर्थ स्पष्ट होता. वक्ता एक मुलगी, बोद्धव्य तिची मृत आई. पण मे महिन्यात पांढऱ्या कार्नेशनची मागणी वाढताच भाव चढले आणि तुटवडा निर्माण झाला. तेव्हा आई हयात असल्यास लाल व दिवंगत असल्यास पांढरे फूल लावावे, असा भेद पुष्पविक्रेत्यांनी पुढे आणला. वरवर पाहता हा अर्थाचा विस्तार वाटतो. पण त्याच्या मुळाशी मालाच्या टंचाईचा हिशेब होता. येथे वक्ता बदलला. मुलीच्या जागी व्यापार बोलू लागला.

जार्व्हिसने याविरुद्ध उर्वरित आयुष्यभर संघर्ष केला. मातृदिनाच्या निमित्ताने कार्नेशनची विक्री करणाऱ्या संस्थांच्या विरोधात ती उभी राहिली, दावे केले, आणि १९४८ मध्ये एका शुश्रूषागृहात तिचा अंत झाला. या कथेकडे केवळ एका हट्टी स्त्रीची शोकांतिका म्हणून पाहणे अपुरे ठरेल. आपण निर्माण केलेल्या संकेतावर निर्मात्याचा हक्क राहत नाही, आणि तो संकेत पुढे कोणाच्या हाती जाईल हे बाजारातील बळ ठरवते, हे तिच्या पराभवातून दिसते. लेखाच्या शीर्षकातील ‘अर्थ’ हा शब्द म्हणूनच आशय आणि पैसा या दोन्ही अर्थांनी घ्यावयाचा आहे.

६. अन्यसन्निधी : तिसरा पाहणारा

मम्मटाच्या यादीतील अन्यसन्निधी हे निमित्त आधुनिक चिन्हविचारात तुलनेने दुर्लक्षित आहे. बोलणारा व ऐकणारा यांच्याखेरीज जवळ असणारा तिसरा माणूस अर्थ बदलवतो, हे त्याचे मर्म. दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

२० फेब्रुवारी १८९२ रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात ऑस्कर वाइल्डच्या ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्या रात्री वाइल्ड आणि त्याच्या काही मित्रांनी कोटावर हिरवे रंगवलेले कार्नेशन लावले होते. याचा अर्थ काय, असे विचारले असता काहीच नाही, आणि तेच कोणाच्या लक्षात येणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिल्याची आठवण ग्रॅहम रॉबर्टसन याने नोंदवली आहे. हा अर्थशून्य संकेत प्रेक्षागृहातील इतरांसाठी होता. ज्यांना आतले ठाऊक नाही त्यांना कोडे पडावे, हाच त्याचा आशय. १८९४ मध्ये ‘द ग्रीन कार्नेशन’ ही रॉबर्ट हिचेन्सची उपहासात्मक कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली, १८९५ मध्ये वाइल्डवर खटले चालले, आणि मागाहून ते फूल समलिंगी प्रेमाची खूण ठरले. अर्थ नसलेल्या चिन्हात तिसऱ्या पाहणाऱ्याने अर्थ भरला; त्यातला काही भाग द्वेषाने, काही नंतरच्या पिढ्यांनी अभिमानाने.

दुसरे उदाहरण प्राध्यापकवर्गाला अधिक जवळचे वाटेल. दक्षिण कोरियात ८ मे रोजी पालकदिनी मुले आईवडिलांच्या छातीवर कार्नेशन लावतात आणि १५ मे रोजी शिक्षकदिनी शिक्षकांना ते देण्याची प्रथा आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये तेथे अनुचित शिफारस व लाच यांस प्रतिबंध करणारा कायदा अमलात आला. शिक्षक विद्यार्थ्याचे मूल्यमापन करतो, म्हणून विद्यार्थ्याने व्यक्तिशः दिलेले एक फूलही या कायद्याच्या कक्षेत येते. विद्यार्थी प्रतिनिधीने सर्वांसमक्ष दिलेले फूल मात्र चालते, असा खुलासा संबंधित आयोगाने २०१७ च्या शिक्षकदिनापूर्वी केला. फूल एकच, देणारा विद्यार्थीच, घेणारा शिक्षकच. फरक फक्त इतरांच्या उपस्थितीचा. ती असेल तर आदर, नसेल तर लाचेचा संशय. मराठीत आपण ‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हणून भेटीचे मोल नम्रतेने कमी करतो. पाकळीचेही मोल सत्तासंबंधावर अवलंबून असते, हे या कायद्याने दाखवून दिले.

७. काकू, देश आणि काल

एकच वाक्य स्वर बदलून उच्चारले की अर्थ पालटतो, ती काकू. फुलाच्या बाबतीत रंग व संख्या काकूचे काम करतात. ऑक्सफर्ड विद्यापीठात परीक्षार्थी पहिल्या पेपरला पांढरे, मधल्या पेपरांना गुलाबी आणि शेवटच्या पेपरला लाल कार्नेशन गणवेशावर लावतात. तेथे लाल रंगाचा अर्थ प्रेम नाही, क्रांती नाही. परीक्षा संपत आली, एवढाच आहे. रशियात जिवंत माणसाला विषम संख्येने फुले देतात, मृताला सम संख्येने. तीन लाल कार्नेशन अभिनंदनाची, चार कबरीवरची. येथे अर्थ रंगातही नाही, मोजणीत आहे.

देश आणि काल या निमित्तांचा प्रभाव राजकीय व्यवहारात सर्वाधिक जाणवतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मध्य युरोपातील कामगार चळवळीत लाल कार्नेशन मे दिनाची खूण बनले. पुढे पूर्व जर्मनीत सत्तेवर आलेल्या पक्षाने त्याला सरकारी रूप दिले. १ मे च्या संचलनात ते छातीवर आणि ८ मार्चच्या महिलादिनी कारखान्यातील स्त्रियांच्या हाती दिले जाई. बंडाचे फूल शिरस्त्याचे फूल झाले, आणि १९९० च्या एकीकरणानंतर अनेकांना ते नकोसे झाले. याच्या नेमके उलट नेदरलँड्समध्ये घडले. राजघराण्यातील प्रिन्स बेर्नहार्ड पांढरे कार्नेशन लावत असे. जर्मन आक्रमणानंतर २९ जून १९४० रोजी त्याच्या वाढदिवशी असंख्य नागरिकांनी ते फूल लावले आणि एक राजेशाही फॅशन एका दिवसापुरती निःशस्त्र निषेधाची कृती बनली.

या सर्व उदाहरणांत लिस्बनचे उदाहरण प्रतीककोशाला सर्वाधिक अडचणीचे आहे. २५ एप्रिल १९७४ रोजी तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी पोर्तुगालमधील दीर्घकालीन हुकूमशाही उलथून टाकली. त्याच दिवशी लिस्बनमधील एका उपाहारगृहाचा पहिला वर्धापनदिन होता आणि ग्राहकांना देण्यासाठी तेथे कार्नेशन आणलेली होती. बंडामुळे उपाहारगृह उघडले नाही. मालकाने कर्मचाऱ्यांना फुले घरी न्यायला सांगितले. सेलेस्ते कैरो ही तेथील कर्मचारी फुले घेऊन रस्त्यावर आली. एका सैनिकाने तिच्याकडे सिगारेट मागितली. ती नव्हती, म्हणून तिने फूल दिले. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोवले. इतरांनी अनुकरण केले, फुलवाल्याही पुढे आल्या आणि क्रांतीला ‘कार्नेशन क्रांती’ हे नाव मिळाले. गुप्त पोलिसांच्या गोळीबारात चार नागरिक मारले गेले, हेही विसरता येत नाही. सेलेस्ते कैरो यांचे नोव्हेंबर २०२४ मध्ये निधन झाले.

त्या फुलांना सकाळी कोणता अर्थ होता? ग्राहकांचे आभार, बस. एप्रिलमध्ये ती सहज मिळत होती. तिच्या हाती दुसरे फूल असते, तर क्रांतीला दुसरे नाव मिळाले असते. दांडा लांब व ताठ असल्यामुळे ते नळीत बसले, एवढाच फुलाचा वाटा. बाकी सारे प्रस्ताव, देश आणि काल यांनी केले. आजही तेथील संसदेच्या स्मरणसमारंभात कोणी ते फूल लावले व कोणी लावले नाही, याची चर्चा होते. न लावणे हेही विधान ठरते.

मराठी व कोकणी भाषकांसाठी या क्रांतीला आणखी एक संदर्भ आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, परंतु लिस्बनच्या राजवटीने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले नव्हते. ती मान्यता क्रांतीनंतरच आली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्ली येथे तत्संबंधीच्या करारावर पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियु सुआरिश आणि भारताचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी स्वाक्षऱ्या केल्या. आपल्या भाषेत ज्या फुलाला नाव नाही, त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घटनेशी आपला अलीकडचा इतिहास असा जोडलेला आहे.

८. महाराष्ट्रातील कार्नेशन : निर्माल्य की कचरा?

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर पुणे परिसरात, विशेषतः मावळ-तळेगाव पट्ट्यात, पॉलिहाऊसमधील फुलशेती वाढली. गुलाब व जरबेरा यांच्याबरोबर कार्नेशनही आले. गादीवाफ्यावर रोपे लावणे, ती सरळ वाढावीत म्हणून जाळीचे थर बांधणे, शेंडा खुडणे, मुख्य कळी ठेवून बाजूच्या कळ्या काढणे, फूल पूर्ण उमलण्याआधी काढणी, दांड्याच्या लांबीनुसार प्रतवारी, गड्ड्या बांधणे, शीतगृह : या प्रत्येक टप्प्यावर श्रम आहेत आणि त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. उत्पादकाच्या लेखी या फुलाचा अर्थ आहे लग्नसराई, कर्जाचा हप्ता आणि त्या दिवशीचा भाव. २०२० च्या टाळेबंदीत समारंभ थांबले, तेव्हा फुलोत्पादकांना उमललेली फुले अक्षरशः फेकून द्यावी लागली. पुष्पगुच्छ स्वीकारणाऱ्याच्या मनात यातले काहीच येत नाही. कार्नेशनला मराठीत अर्थ नाही असे आपण म्हणतो, तेव्हा हा अर्थ आपण मोजत नसतो.

आपल्याकडे फुलांचे स्थान फार काटेकोर आहे. जास्वंद गणपतीला, झेंडू दसऱ्याला, केवडा शंकराला वर्ज्य. मोगऱ्याचा गजरा, अबोलीची वेणी. देवाला वाहायचे फूल आधी हुंगायचे नाही, असा दंडक आहे. आणि वाहून झालेले फूल कचरा ठरत नाही. ते निर्माल्य होते, त्याच्या विसर्जनाचीही रीत असते. म्हणजे आपल्या पुष्पव्यवहारात फुलाच्या शेवटाला अर्थ आहे. सत्काराच्या गुच्छाला तो नाही. सभागृह रिकामे झाल्यावर प्लॅस्टिकच्या वेष्टनासह गुच्छ टेबलावर राहतो आणि दुसऱ्या दिवशी सेवक तो कचऱ्यात टाकतो. मंदिरांच्या सणप्रसंगीच्या आरासीत अलीकडे कार्नेशन दिसू लागले आहे, पण आरास वेगळी आणि अर्चना वेगळी. ते मखराजवळ आले, ताम्हणापर्यंत पोहोचले नाही.

या संदर्भात ‘पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक’ या अलीकडच्या रिवाजाचाही विचार व्हावा. उधळपट्टी टाळण्याचा त्यामागचा हेतू स्वागतार्ह आहे. परंतु न वाचता कपाटात जाणारे पुस्तक आणि न पाहता कचऱ्यात जाणारा गुच्छ यांत अर्थाच्या दृष्टीने फरक नाही. दोष वस्तूचा नाही. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नसतो. सूत्रसंचालकाने नाव पुकारल्यावर गुच्छ हातात येतो आणि छायाचित्रासाठी पुढे केला जातो. येथे वक्ता संस्था आहे, बोद्धव्य पद आहे, आणि अन्यसन्निधी तेवढी कॅमेऱ्याची उरली आहे. दरम्यान कृत्रिम फुलांवर बंदी घालण्याची मागणी फुलोत्पादक करीत आहेत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. फूल केवळ दिसण्यासाठीच असेल, तर प्लॅस्टिकचे फूल का नको, या प्रश्नाला आपला सत्कारविधी उत्तर देऊ शकत नाही.

९. एक आक्षेप

अर्थ सर्वस्वी परिस्थितीवर अवलंबून असेल, तर परंपरेला काहीच स्थान नाही का, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो गंभीर आहे. मेरीच्या चित्रातील फूल पाहणाऱ्याला खिळ्यांचा संकेत माहीत नसेल, तर चित्राचा अर्धा आशय हरवतो. ऑक्सफर्डचा परीक्षार्थी स्वतःच्या मर्जीने रंग निवडत नाही. संकेतांचे ज्ञान आवश्यकच आहे. मात्र संकेत हा वाचनाचा आरंभ असतो. कोशीय समीक्षा त्याला शेवट मानते. मम्मटानेही ही निमित्ते सांगताना प्रतिभावंत रसिकाची अट घातली आहे. यादी पाठ असणे म्हणजे अर्थ कळणे नव्हे, ही जाणीव त्याला होती.

१०. निष्कर्ष

१) कार्नेशनच्या उदाहरणावरून फुलाचा अर्थ त्याच्या ठायी स्थिर नसतो, देणारा, घेणारा, पाहणारा, प्रसंग, स्थळ व काळ यांच्या संबंधांतून तो घडतो, असे दिसते.

२) वास, आकार, दांडा, टिकाऊपणा व हंगाम हे गुणधर्म अर्थाला शक्यता पुरवतात; त्या शक्यतांतून निवड समाज करतो.

३) ही निवड निरागस नसते. मातृदिनाच्या बाबतीत बाजाराने, पूर्व जर्मनीत शासनाने, तर लिस्बनमध्ये एका उपाहारगृहातील कर्मचारी स्त्रीने आणि एका सैनिकाने अर्थ घडवला. अर्थ कोण घडवतो हा प्रश्न समीक्षेने टाळू नये.

४) मम्मटाची निमित्ते काव्यापुरती मर्यादित नाहीत, दैनंदिन व्यवहारातील चिन्हांच्या विश्लेषणासाठीही ती समर्थ आहेत.

५) वर्गात कवितेतील फुलाचा अर्थ सांगण्याऐवजी हे फूल कोणी, कोणाला, कोणासमोर, कोठे आणि केव्हा दिले, हे पाच प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवले, तर कवितेचे वाचन कोशाच्या तावडीतून सुटण्याची शक्यता आहे. हेच प्रश्न आपल्या सत्कारसमारंभांनाही विचारता येतील. गुच्छ कोणी पिकवला, हा सहावा प्रश्न त्यांत जोडण्यास हरकत नाही.